रीलवर 'सौजन्य' लिहायचं की 'जाहिरात'?

पणजीहून, मजकूर लिहिणारी

एका शब्दावर अडले आहे, म्हणून विचारते. सत्तरीतल्या एका होमस्टेची पावसाळी मोहीम आमच्याकडे आली आहे. मातीच्या भिंती, मागे कुळागर, दारातून वाहणारा ओहोळ. रील करणारी मुलगी पुण्याहून आली, दोन रात्री राहिली, खतखतं आणि सोलकढी जेवली आणि अख्खं रील मराठीत बोलली. पैसे तिने घेतले नाहीत. राहणं-जेवण मात्र फुकट होतं.

इंग्रजी रील असतं तर कोपऱ्यात 'पेड पार्टनरशिप' किंवा 'कोलॅब' टाकून काम झालं असतं. मराठी रीलवर काय टाकू? मालक म्हणतात, 'सौजन्य' लिहा, कानाला गोड लागतं. ऑफिसातला सहकारी म्हणतो, 'सशुल्क भागीदारी'. मला हे दुसरं मुळीच पटत नाही. 'सशुल्क प्रवेश', 'सशुल्क वाहनतळ' यांत पैसे आपण भरतो. मग 'सशुल्क भागीदारी' वाचून बघणाऱ्याला काय कळेल? की यात भाग घ्यायचा तर पैसे पडतील. अर्थ पार उलटा.

हे काही नुसतं शब्दांचं वेड नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढली. त्यात रोख पैशांइतकाच फुकटचा मुक्काम, प्रवास, भेटवस्तू, अदलाबदल हा सगळा संबंध उघड करायला सांगितला आहे, आणि तोही साध्या, स्पष्ट भाषेत. शिफारस ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत असावा असंही म्हटलं आहे. म्हणजे मराठी रीलला मराठी शब्द हवाच. तो कोणता, ते तुम्ही सांगा.

फोंड्याहून, निवृत्त मुद्रितशोधक

बाय, प्रश्न चांगला आहे. माझी उभी हयात वर्तमानपत्राच्या मुद्रितांवर गेली, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा 'प्रायोजित'. हा शब्द कोणीतरी सुचवणारच. दूरदर्शनवर मालिकांना प्रायोजक मिळू लागले तेव्हापासून तो घरोघरी पोचला. पण मराठीत त्याला आता दुसरा वास लागला आहे. 'हे आंदोलन प्रायोजित आहे' असं कोणी म्हणालं की मागून कोणीतरी ते घडवून आणलंय असा आरोप असतो. होमस्टेवाल्याने त्या मुलीला राहायला दिलं, यात खोटं काही नाही. त्याला हा वास कशाला लावायचा?

दुसरा 'पुरस्कृत'. त्याची अडचण वेगळी. 'अमुक पक्ष पुरस्कृत उमेदवार' म्हणजे पाठिंबा दिलेला, आणि 'पुरस्कृत नाटक' म्हणजे बक्षीस मिळालेलं. रीलखाली 'पुरस्कृत' दिसलं तर निम्मे लोक समजतील की रीलला पारितोषिक मिळालं.

मग उरतो 'जाहिरात'. मी म्हणेन, हाच. 'जाहीर' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. अर्थ: उघड, डोळ्यांना दिसणारं. जाहीर सभा, जाहीरनामा, जगजाहीर, सगळीकडे तोच उघडेपणा आहे. म्हणजे 'जाहिरात' या शब्दाच्या पोटातच 'लपवत नाही, सांगतोय' हे बसलेलं आहे. इंग्रजी 'ॲड' ज्यावरून आला त्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ 'कडे वळवणे'. ते समोरच्याचं लक्ष वळवून घेतात. आपला शब्द गोष्ट उघड्यावर ठेवतो. म्हणून 'छुपी जाहिरात' हा जोडशब्द मला नेहमी खुपतो. छुपी असेल तर ती जाहिरात कसली?

वर्तमानपत्रात हा पायंडा जुनाच आहे. पैसे घेऊन छापलेला मजकूर बातमीसारखा मांडला असेल तर त्याच्या डोक्यावर 'जाहिरात' असं छापायचं. जाहिरात आणि बातमी वाचकाला वेगळी ओळखू आली पाहिजे, हे प्रेस कौन्सिलच्या आचारनियमांतही आहे. तो शब्द विसरला म्हणून मी रात्री अकराला पान थांबवलेलं आहे. तेव्हा नवा शब्द शोधायचं कारणच नाही. कागदावर जो चालला तोच पडद्यावर चालवा.

डिचोलीहून, जत्रेतल्या नाटकांचा एक कार्यकर्ता

दादांचा मान राखून थोडा वेगळा सूर लावतो. 'सौजन्य' शब्दाला इतक्या लवकर हाकलू नका. आमच्याकडे जत्रेला रात्री नाटक असतं. पडदा वर जायच्या आधी ध्वनिक्षेपकावरून घोषणा होते: रंगमंचाची सजावट अमक्यांच्या सौजन्याने, नेपथ्य तमक्यांच्या सौजन्याने. ज्याचं नाव घेतात तो प्रेक्षकांत बसलेला असतो, त्याची आई बाजूला बसलेली असते. गावाला ठाऊक असतं की यानं पदरचे पैसे घातलेत आणि याचं मडगावात फर्निचरचं दुकान आहे. यात लपलेलं काय आहे? 'सौजन्य' हा आमच्या कृतज्ञतेचा शब्द आहे. तो खोटारडा ठरवू नये.

पणजीहून, मजकूर लिहिणारी

दादा, तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं. पण तुमच्या नाटकात आणि माझ्या रीलमध्ये एक मोठा फरक आहे. तुमच्या प्रेक्षकाला दुकान कोणाचं ते ठाऊक आहे. माझं रील बघणारा कुठे नागपुरात, कुठे नाशकात, एसटीत बसून बोट सरकवतोय. त्याला ना मालक ठाऊक, ना ती मुलगी. 'सौजन्य' शब्द गावात खरा राहतो तो गाव साक्षीला असतो म्हणून. पडद्यावर साक्षीला कोणीच नाही. आणि मालकांना तो शब्द गोड वाटतो तोही नेमका याचसाठी, की त्यातून व्यवहार कळत नाही. हे त्यांनी स्वतः मला बोलून दाखवलं.

मडगावहून, निवृत्त शिक्षक

माझं प्राथमिक शिक्षण गोवा मुक्त होण्यापूर्वी पोर्तुगीजमधून झालं, त्यामुळे त्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

पोर्तुगीजमध्ये जाहिरातीला 'पुब्लिसिदाद' म्हणतात. मूळ 'पुब्लिकु', म्हणजे सर्वांसमोरचं. अरबी 'जाहिर' आणि हा लॅटिन शब्द, दोघांचं गाव वेगळं पण बोलणं एकच. आज ब्राझीलमधले रील करणारे त्याचंच तोकडं रूप, 'पुब्ली', लेबल म्हणून टाकतात. म्हणजे त्यांनीही नवीन काही न घडवता जाहिरातीचाच शब्द उचलला. कोंकणीत आपण 'जायरात' म्हणतो, तोही याच वळणाचा. ह ची झीज झाली, अर्थ तोच.

दुसरं, भित्तिपत्रकाला पोर्तुगीज शब्द आहे 'कार्ताझ'. इतिहास वाचणाऱ्यांच्या कानाला हा ओळखीचा लागेल. सोळाव्या शतकात अरबी समुद्रातून गलबत न्यायचं तर पोर्तुगीजांकडून जो परवाना घ्यावा लागे त्याचं नावही कार्ताझ. तो नसेल तर जहाज पकडून नेत. मूळ अरबी 'किर्तास', म्हणजे कागद. एकच शब्द, आधी सत्तेचा कागद, मग भिंतीवर डकवायचा कागद. तुम्ही वर 'मोहीम' लिहिलंत तेही असंच. अरबीत त्याचा अर्थ 'महत्त्वाचं', मराठीत येता येता फौज बाहेर पडली की मोहीम झाली. तिकडे 'कॅम्पेन' म्हणजे मुळात मोकळं मैदान, जिथे सैन्य उतरायचं. जाहिरातवाल्यांनी दोन्हीकडे लढाईचेच शब्द घेतले.

म्हापशाहून, बोर्ड रंगवणारा

मी शिकलेला फारसा नाही, पण तीस वर्षं अक्षरं रंगवली. आता फ्लेक्सने ते काम खाल्लं, तरी कोणी भिंतीवर लिहून घेतलं तर जातो.

'ब्रँड'बद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. ब्रँड म्हणजे मुळात तापवलेल्या लोखंडाने गुराला दिलेला डाग. आपण त्याला डागणं म्हणतो, पण मालाला कधी तो शब्द लावला नाही. मालाला आपला शब्द 'छाप'. माकड छाप दंतमंजन सगळ्यांनी बघितलंय. जुन्या घराचं मंगळुरी कौल उलटं करून बघा, पोटावर कारखान्याचं नाव उठलेलं असतं. बासेल मिशनच्या कौलांवर तर १८६५ हे सालसुद्धा आहे. ओल्या मातीत दाबून मग भाजलेलं, ते कौल फुटेपर्यंत जात नाही. 'त्याने छाप पाडली' असं माणसाबद्दल म्हणतात ते यामुळेच असावं, असं मला वाटतं. कोणी माझ्याकडे आला की आधी विचारतो, तुझी छाप काय? ब्रँड काय असं विचारलं तर तो रंग सांगतो, छाप विचारली तर आपलं काम सांगतो.

आणि दुसरी गोष्ट, छुप्या जाहिरातीची. एकदा हायवेलगत एका भिंतीवर मला सोड्याची बाटली काढायला लावली. नाव लिहायला सांगितलं ते मात्र दारूचं. सोडा कुठल्या दुकानात मिळतो विचारलं, तर कोणी सांगेना. मी ते काम अर्धं सोडलं. याला मराठीत काय म्हणतात?

फोंड्याहून, निवृत्त मुद्रितशोधक

याला इंग्रजीत 'सरोगेट' जाहिरात म्हणतात, आणि ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ती बंद केली आहे. बंदी असलेल्या मालाची जाहिरात दुसऱ्या मालाच्या नावाखाली करायची नाही, असा तो नियम. 'प्रतिनिधिक', 'पर्यायी' असे शब्द वाचले आहेत; दोन्हींतून लबाडी दिसत नाही. मी 'आडून केलेली जाहिरात' असं लिहितो, 'आडजाहिरात' म्हटलं तरी चालेल. आणि आपल्या बायकांनी हे पिढ्यान्‌पिढ्या एका म्हणीत सांगून ठेवलंय: लेकी बोले सुने लागे. सोड्याला बोलायचं आणि दारूला लागायचं. याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या कायद्यात सापडली नाही. तुम्ही काम सोडलंत, ते फार चांगलं केलंत.

वास्कोहून, माध्यमशास्त्राची विद्यार्थिनी

थोडं बाजूचं विचारू का? 'ट्रेंड'ला आमचे सर 'कल' लिहायला सांगतात. पण 'हा ऑडिओ ट्रेंडमध्ये आहे' याचं 'हा ऑडिओ कलात आहे' होत नाही.

मडगावहून, निवृत्त शिक्षक

होणार नाही, कारण कल हळूहळू झुकतो. मतदारांचा कल, मुलाचा कल. वर्षानुवर्षं लोक छापील जाहिरातीकडून मोबाइलकडे वळले, हा कल. चार दिवस सगळे एकाच गाण्यावर एकाच पायरीवर नाचतात, ती टूम. 'नवी टूम निघाली' हे आपलं जुनंच बोलणं आहे, आणि टूम विरते हेही त्यातच कळतं. जे लवकर येऊन लवकर जाईल त्याला 'टूम' लिही, जे वळण घेऊन राहील त्याला 'कल'. 'व्हायरल' मात्र राहू दे. 'गाजणे' जवळचं आहे, पण गाजायला आधी काही केलेलं असावं लागतं. व्हायरल काहीही होतं.

काणकोणहून

वाचत होते, एक शब्द माझ्याकडूनही. 'क्लिकबेट'ला वर्तमानपत्रात 'आमिष' लिहितात. संस्कृतात आमिष म्हणजे मांस. सामिष, निरामिष आपण जेवणाच्या संदर्भात वापरतोच. मग गळाला लावलेला तुकडा, मग लालूच. आमच्या घरी गरीने मासे पकडतात. गरीला लावलेलं गांडूळ खरं असतं, म्हणून मासा येतो. 'गोव्यातला हा गुप्त किनारा बघून थक्क व्हाल' असं लिहून आत आमच्याच पाळोळ्याचं चित्र दाखवतात, तेव्हा गरीला काहीच लावलेलं नसतं. त्याला आमिष म्हणणं मला जड जातं. 'फसवा मथळा' पुरे.

पणजीहून, मजकूर लिहिणारी

सगळ्यांचे आभार. आज मालकांशी पुन्हा बसले. मी त्यांना हिशेब मांडून दाखवला. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था, ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल, हिचे समाजमाध्यमांसाठीचे नियम जून २०२१ पासून आहेत. त्यांत पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओवर लेबल निदान तीन सेकंद दिसायला हवं. तीन सेकंदांत एसटीत बसलेला माणूस काय वाचेल? 'सशुल्क भागीदारी' ही सात अक्षरं, त्यात एक जोडाक्षर. 'जाहिरात' चार अक्षरं, जोडाक्षर नाही, आणि चौथीतल्या मुलालाही ठाऊक.

त्यांचा आक्षेप होता, पैसे दिले नाहीत तर जाहिरात कशी? त्यावर मला आमच्या आजीच्या खंडाच्या कागदातला शब्द आठवला: ऐनजिनसी. रोकड न देता भात-नारळ द्यायचे तो ऐनजिनसी मोबदला. दोन रात्री आणि चार जेवणं हा ऐनजिनसी मोबदलाच झाला. 'बार्टर'ला यापेक्षा चांगला शब्द मला सुचत नाही. रीलवर तो कोणाला कळणार नाही, हे मान्य. पण आमच्या करारपत्रात मी तोच घातला आहे.

रीलवर पहिल्याच दृश्यात, डाव्या कोपऱ्यात, ठळक पांढऱ्या अक्षरांत असं येईल: 'जाहीरात. राहणं-जेवण यजमानांकडून विनामूल्य.' डिचोलीच्या दादांसाठी शेवटच्या दृश्यात 'घर आणि पाहुणचार: यजमानांच्या सौजन्याने' असंही ठेवलं आहे. आधी व्यवहार सांगितला की मग सौजन्य खरं वाटतं. मालक तयार झाले. रील करणारी मुलगी तर म्हणाली, मला आधीच असं हवं होतं, विचारायचं धाडस होत नव्हतं.

म्हापशाहून, बोर्ड रंगवणारा

बाय, चढवायच्या आधी 'हि' ऱ्हस्व करा. 'जाहीर'मध्ये दीर्घ, 'जाहीरनामा'त दीर्घ, पण 'जाहिरात' आणि 'जाहिराती'मध्ये ऱ्हस्व. मोहीम-मोहिमा तसंच. म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी फिरलात तर निम्म्या फलकांवर ते चुकलेलं दिसेल. त्यातले दोन माझ्या हातचे आहेत, नवीन होतो तेव्हाचे, आणि अजून पुसले गेले नाहीत.

पणजीहून, मजकूर लिहिणारी

केलं. धन्यवाद, बाब.