मदत हवी आहे: लिंकन १८५८ ला नक्की कशामुळे हरला?

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या सिनेट सीटसाठी अब्राहम लिंकन विरुद्ध डेमोक्रॅट स्टीफन डग्लस, यावर १० मिनिटं बोलायचंय. तेव्हा सिनेटर लोक थेट निवडत नव्हते, आपल्या राज्यसभेसारखं आमदारच निवडायचे (थेट मतदान १९१३ च्या दुरुस्तीनंतर), एवढं कळलं. जानेवारी १८५९ ला विधिमंडळात डग्लस ५४, लिंकन ४६. पण लोकांची मतं लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाला जास्त होती म्हणे! जे वाचलं त्यात सगळं दोघांच्या त्या ७ वादसभांवरच, त्या मला नकोयत, गुलामगिरीचा मुद्दाही माहितीय. जुन्या जनगणनेवरची मतदारसंघरचना आणि त्या वर्षी निवडणूक नसलेले राज्य विधिमंडळातले जुने सिनेटर, ही दोन कारणं दिसतात, पण यातलं जास्त भारी कोणतं पडलं आणि मतदारसंघनिहाय आकडे फुकट कुठे मिळतील?