बाजारपेठेतला नगरसेवक नेमका कुणाचा?

पेठेतला दुकानदार:
बार्शीचं भगवंत मंदिर आणि भोवतालची जुनी पेठ डोळ्यासमोर आणा. एकादशी, द्वादशी, लग्नसराई, पेरणीआधीची खरेदी, सगळा तालुका इथे उतरतो. प्रभाग पाडताना मात्र मोजतात ती फक्त वस्ती, तीही २०११ च्या जनगणनेतली. सरासरीपेक्षा दहा टक्के कमी-जास्त, एवढीच सूट. अशा पेठांमध्ये वरच्या मजल्यांची गोदामं झाली, घरं विरळ झाली. मग आकडा भरायला लांबची वसाहत जोडायची, आणि मतं तिकडे म्हणून उमेदवारही तिकडचाच. मी सकाळी नऊ ते रात्री नऊ पेठेत असतो, मत मात्र राहत्या घरच्या प्रभागात. दुकानाची पट्टी भरणाऱ्याला इथेही मत मिळालंच पाहिजे.

वाड्यातली सून:
साफ चूक. पट्टी भरेल त्याला मत, हे इंग्रजांच्या काळात होतं. तेव्हा गावातले मोजके लोक नगरपालिका चालवायचे. तुम्हाला दोन मतं, आणि आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना एकच? नगराध्यक्ष २०२२ च्या दुरुस्तीनंतर पुन्हा थेट जनतेतून निवडला जातो. त्याला मत देताय ना, मग पेठेचं गाऱ्हाणं त्याच्याकडे न्या.

गेल्या वर्षी बाजारादिवशी सासऱ्यांना दम लागला. रिक्षा चौकातच अडली, कारण गल्लीच्या तोंडाशी मिरचीच्या पोत्यांचा टेम्पो आडवा. शेवटी दोन हमालांनी त्यांना खुर्चीसकट उचलून बाहेर आणलं. रात्री नऊला तुम्ही शटर ओढून घरी जाता, आम्ही इथेच असतो. नगरसेवक आमचाच हवा.

हमालाचा मुलगा:
ताई, ते हमालही खेड्यावरून येतात. पहाटेच्या एसटीने येणाऱ्या भाजीवाल्या बायकाही. दिवसभर मुतारीला जागा नाही म्हणून माझी आई दुपारपर्यंत पाणी पीत नाही. तिचं मत गावात, ग्रामपंचायतीला. तुमच्या दोघांच्या भांडणात ती कुठेच नाही. तिच्या उपयोगाचा म्हणाल तर २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः निवडलेले असावे लागतात. आधी ती समिती नीट चालवा, मतांचं मग बघू.

शेजारच्या तालुक्यातून:
आमच्याकडे पेठेच्या प्रभागात दोन नगरसेवक आहेत. गटार तुंबली की हा म्हणतो त्यांच्याकडे जा, त्या म्हणतात ह्यांच्याकडे. एकच माणूस द्या, म्हणजे धरायला गचांडी एकच राहील.

वाड्यातली सून:
हे नाही पटत. दोन जागांमुळे आमच्या प्रभागात दर वेळी एक बाई हमखास असते. एकच जागा ठेवली तर ते आरक्षणाच्या फेऱ्यावर. पाण्याच्या वेळेबद्दल रात्री दहाला मी तिच्या दारात जाऊ शकते, त्याच्या नाही. समितीबद्दल या मुलाचं म्हणणं मात्र अगदी खरं. त्या माउलीसाठी मुतारी आधी व्हायला हवी.

पेठेतला दुकानदार:
दोन मतांचा हट्ट सोडतो. खुर्चीची गोष्ट वाचून वाईट वाटलं, टेम्पो आमच्याच मालाचे असतात. पण वसाहत जोडणं थांबवा. पेठेचा प्रभाग पेठेपुरता असू द्या, लहान तर लहान.

वाड्यातली सून:
लहान म्हणजे किती? आमच्या सातशे मतांना एक नगरसेवक आणि वसाहतीतल्या दोन हजारांनाही एकच, हे तिथल्या माणसाला तुम्ही काय तोंडाने सांगणार?