‘चौरस हा आयतच असतो’ हे आठ-नऊ वर्षांच्या मुलांना सांगावं का? यावर तिघांची मतं; प्रत्येकाचं नाव त्याच्या कृतीवरून.

चौकटीचा कागद:
सांगावं, आणि आयत शिकवतानाच सांगावं. तक्त्यावर आयत कायम आडवा नि लांबट छापलेला असतो, त्यामुळे मूल ‘लांबट’ हाच गुणधर्म धरून बसतं. व्याख्या एवढीच: चारही कोन काटकोन असलेला चौकोन. बाजू असमान हव्यात असं त्यात कुठंही नाही.
चौकटीच्या कागदावर 9 बाय 5 चौकटींचा आयत काढायला द्या. त्याखाली 8 बाय 5, मग 7, 6 आणि शेवटी 5 बाय 5. प्रत्येकात कोन तपासायचे, समोरासमोरच्या बाजू आणि दोन्ही कर्ण मोजायचे. शेवटच्या आकृतीतही सगळं तसंच जुळतं. मग तिला यादीतून काढायचं कशासाठी?

दोन घड्या:
कृती उत्तम, पण घाई होतेय. डच शिक्षक दांपत्य पिएर आणि डिना व्हान हिले यांनी 1957 च्या सुमारास पायऱ्या मांडल्या: आधी आकार नुसत्या रूपावरून ओळखणं, मग गुणधर्म, आणि एका गटात दुसरा गट सामावणं त्यानंतर. या वयाची कितीतरी मुलं पहिल्याच पायरीवर असतात. चौरस 45 अंशांत फिरवून ठेवला की ‘हा चौरस नाही’ म्हणतात. त्यांना तुमचं वाक्य दिलं तर ती ते पाठ करतात आणि उलटं लिहितात: ‘प्रत्येक आयत चौरस असतो.’ प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडनंही व्याख्यांमध्ये चौरस आणि लांबट काटकोनी चौकोन वेगळेच ठेवले होते.
आधी काटकोन हातात येऊ द्या. कसाही फाटलेला कागद घ्या, एक घडी घाला. दुसरी घडी अशी घाला की पहिल्या घडीची रेघ स्वतःवरच तंतोतंत बसेल. तयार झालेला कोपरा म्हणजे काटकोन. तो आकृतीच्या कोनावर शिरोबिंदू जुळवून ठेवायचा. कोन घडीबाहेर उघडा दिसला तर विशालकोन, पूर्ण झाकून कागद वर उरला तर लघुकोन. रेघ जराशी सरकली तरी मोजणी फसते, म्हणून घडी नखानं दाबायची.

पट्ट्या-पिना:
या सगळ्याआधी बाजू आणि कोन वेगळे करा. जाड पुठ्ठ्याच्या चार सारख्या पट्ट्या पिनांनी जोडून चौरस करा आणि एका कोपऱ्यातून ढकला. बाजू त्याच राहतात, काटकोन जातात, समभुज चौकोन होतो. ‘चार बाजू सारख्या म्हणजे चौरस’ हा समज तिथंच सुटतो. मात्र दोन छिद्रांमधलं अंतर सगळ्या पट्ट्यांत सारखंच हवं. पट्टी 10 सेमी असेल तर दोन्ही टोकांपासून 1 सेमीवर छिद्र, म्हणजे बाजू 8 सेमी. मुलं पट्टीची पूर्ण लांबी मोजतात आणि परिमिती 32 ऐवजी 40 सेमी लिहितात.

चौकटीचा कागद:
युक्लिडची ही विभागणी आज सहसा पाळली जात नाही, त्यामुळे तो आधार लंगडा आहे. उलटं लिहिण्याची भीती मात्र खरी. त्यावर उपाय दोरीची दोन वेटोळी: एकात ‘चारही कोन काटकोन’, दुसऱ्यात ‘चारही बाजू सारख्या’. ती एकमेकांवर थोडी चढवा आणि कापलेले चौकोन टाकायला सांगा. चौरस मधल्या भागातच पडतो, 9 बाय 5 पडत नाही.

दोन घड्या:
वेटोळी मान्य, नावं न घेता. वाक्य अजूनही पुढच्या वर्षासाठी ठेवीन. आणि तोवर ‘चित्रात आयत किती?’ असं मोघम विचारू नये. ‘चौरस धरून’ की ‘चौरस सोडून’, हे प्रश्नातच लिहावं.