आत्याची एरोग्रामं चिकटून बसली आहेत, कशी उघडू?

धंतोलीची लेक

नागपुरात धंतोलीतलं आमचं जुनं घर रिकामं करतोय. आजीच्या ट्रंकेत, बिस्किटाच्या डब्यात, नैरोबीच्या आत्याची ३१ एरोग्रामं (घडी घालून पट्ट्या चिकटवायची, पाकिटाशिवायची हवाई पत्रं) सापडली. निळा कागद इतका पातळ की मागच्या बाजूचं लिखाण पुढच्या ओळींमधून दिसतं. आत्या शाईच्या पेनानं बारीक लिहायची. जागा संपली की समासात उभं, तिथलीही संपली की दुमडायच्या पट्टीवर. आजी पट्टीखाली बोट घालून उघडायची. कधी पट्टी सुटायची, कधी फाटायची, त्यामुळे काठावरचे बरेच शब्द गेलेत.

पाच पत्रं मात्र ओल लागून पुन्हा घट्ट चिकटली आहेत. काल त्यातलं एक चहाच्या पातेल्याच्या वाफेवर धरलं. डिंक सुटला, पण दोन ओळींची शाई पसरली. त्या ओळी आता कोणालाच वाचता येणार नाहीत. कालपासून मला चैन नाही. उरलेली चार कशी उघडू? आणि बहुतेक पत्रांवर तारीखच नाही, नुसतं "सोमवार, रात्री". शिक्के पुसट झालेत. साल कसं ओळखायचं?

थैलीवाला

ताई, वाफ बिलकुल नको. बॉलपेनचं लिखाण एखादे वेळी टिकतं, दौतीची शाई नाही टिकत. मी आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, ३४ वर्षं टपालाची वर्गवारी केली, भिजलेल्या थैल्यांतली पत्रं पाहिली आहेत.

घाई करू नका. आता ऑगस्ट आहे, हवेत ओल आहे. डबा कोरड्या कपाटात ठेवा आणि मे महिन्याची वाट बघा. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात जुना डिंक कडक होतो, तडकतो. तेव्हा लोणी लावायची पातळ, बोथट सुरी पट्टीच्या कोपऱ्यातून आडवी सरकवा. ओढायचं नाही, सुरीच पुढे न्यायची. कागदही तेव्हा ठिसूळ असतो, म्हणून एक पट्टी झाली की थांबा. सुटतच नसेल तर घडीवर ब्लेडनं चिरा, पट्टीला हात लावू नका. पट्टीच्या आतल्या बाजूलाही लिहिलेलं असतं, लोक तेच विसरतात. सेलोटेप आणि लॅमिनेशन तर कधीच नको.

एक सांगावंसं वाटतं. १९४९ पासून रात्रीची टपाल विमानं दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासहून निघून आपल्या सोनेगावच्या विमानतळावर एकत्र यायची. थैल्या बदलायच्या आणि पहाटेआधी परत उडायची. माझे वडील त्या थैल्या उचलायचे. सकाळी घरी आले की हाताला तागाचा वास असायचा. तुमच्या आत्याचं एखादं पत्र मुंबईहून इथे त्याच विमानानं आलं असेल.

तिकीटवेडा, सीताबर्डी

सालासाठी छापील तिकिटाकडे बघा. एरोग्रामचं तिकीट कागदावरच छापलेलं असतं, म्हणून ते गळत नाही. त्यावर केनिया, युगांडा, टांझानिया अशी तिन्ही नावं एकत्र असतील तर पत्र १९६४ नंतरचं. टांझानिया हे नावच त्या वर्षी आलं. तिघांचा पूर्व आफ्रिकी संघ १९७७ मध्ये मोडला, तोवर टपाल खातं सामायिक होतं. नुसतं केनिया असेल तर मात्र त्यावरून साल पक्कं ठरत नाही, कारण केनियाच्या नावाची वेगळी तिकिटं १९६३ पासूनच निघत होती. मग पत्ता बघा. नागपूरपुढे सहा आकडी पिन असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. पिन नाही म्हणून जुनंच असं मात्र समजू नका, लोक कितीतरी वर्षं पिन लिहीत नव्हते.

आत फोटो किंवा चिठ्ठी सापडेल ही आशा ठेवू नका. एरोग्राममध्ये काहीही घालायची मनाई होती. वजन ठरलेलं, म्हणून तर हवाई लिफाफ्यापेक्षा स्वस्त पडायचं. एरोग्राम हे नाव जागतिक टपाल संघानं १९५२ मध्ये ब्रुसेल्सच्या अधिवेशनात पक्कं केलं.

धंतोलीची लेक

मे महिन्यात लिहितेय. थांबले ते फार बरं झालं. काका, तुम्ही सांगितलं तशीच सुरी घेतली. तीन पत्रं अख्खी सुटली, चौथ्याची एक पट्टी घडीवर चिरावी लागली. तिकिटावर तिन्ही देश आहेत आणि पत्त्यात पिन आहे, म्हणजे चारही १९७२ ते १९७७ मधली.

चिरलेल्या पट्टीच्या आत आत्यानं आडवं लिहिलंय: "जागा संपली. येणाऱ्या कोणाबरोबर सांडगी मिरची पाठव, इथल्या उन्हात तशी होत नाही." आई म्हणाली, आजी दर उन्हाळ्यात दोन किलो जास्तीच्या मिरच्या का भरायची ते आज कळलं.

वाफेवर धरलेलं पत्र वेगळ्या पाकिटात ठेवलंय. त्या दोन ओळी उन्हात, दिव्याखाली, भिंग लावून पाहिल्या. "आई" एवढा एक शब्द लागला.