रतनगड ते हरिश्चंद्रगड : तीन सकाळींसाठी स्वस्त नाश्ता काय न्यावा?

डोंगरपोर
नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये आम्ही पाच जण रतनवाडी - रतनगड - कात्राबाई खिंड - कुमशेत - पाचनई - हरिश्चंद्रगड असा ट्रेक ठरवलाय. लोकलने कसारा, तिथून जीपने घोटी, मग शेंडीवरून रतनवाडी. मुक्काम रतनवाडीत, कुमशेतला आणि शेवटचा पाचनईत. रात्रीचं जेवण गावात कुणाच्या तरी घरी सांगणार आहोत त्यामुळे त्याची काळजी नाही, पण तिन्ही दिवस पहाटे साडेपाचला निघायचंय आणि तेव्हा कुणाला उठवून पोहे करायला लावणं बरं वाटत नाही. आमच्यातले चौघं अजून कॉलेजात आहेत, म्हणून माणशी एका नाश्त्याला 25-30 रुपयांच्या वर जायचं नाही असं ठरलंय. एकाकडे छोटा गॅस बर्नर आहे. नूडल्स आणि बिस्किटं सोडून काही सुचवा ना, ते खाऊन दोन तासांत परत भूक लागते.

घाटवाट
उपम्याचं प्रीमिक्स घरून करून न्या, डोळे मिटून. 400 ग्रॅम जाड रवा मंद आचेवर नीट खमंग भाजायचा, घाई नाही करायची. वेगळ्या कढईत तेलात मोहरी, जिरं, उडदाची डाळ, सुकी मिरची, कढीपत्ता अशी फोडणी करायची आणि कढीपत्ता अगदी कुरकुरीत होऊ द्यायचा, ओला राहिला तर पिशवीत वास येतो. मग त्यात रवा, मीठ, थोडी साखर आणि तळलेले शेंगदाणे. पूर्ण गार झाल्यावरच पिशवीत भरा. पाच जणांना एका वेळेला एवढं पुरतं. सकाळी रव्याच्या तिप्पट पाणी उकळायचं, मिक्स सोडायचं, झाकण ठेवायचं, पाच मिनिटांत तयार. वरून पिळायला एखादं लिंबू न्या, त्याला वजन काही नसतं. घरचं सामान धरलं तर माणशी 15 रुपयांतसुद्धा बसेल.

खिंडीतला_वारा
घाटवाट दादा, उपमा चांगलाच लागतो, त्यावर वाद नाही, पण ही पोरं लोकलने येतायत. रेल्वेत गॅसचं कॅनिस्टर न्यायला बंदी आहे, बॅगेत खाली लपवून नेलं तरी ती बंदीच, आणि गर्दीच्या डब्यात दुसऱ्यांच्या जिवाशी खेळ नको. त्यामुळे डोंगरपोर, बर्नर घरीच ठेव. आणि मग तिथे काटक्या गोळा करून चूल पेटवू म्हणाल तर ते त्याहून वाईट, हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, पावसाळ्यानंतर गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी उडाली की डोंगराची अख्खी धार जळत जाते. हे मी कळकळीने सांगतोय, खरंच नका करू.

माझं म्हणणं असं की रेसिपी शोधण्याआधी पाणी आणि भांडी यांचा हिशोब करा. पाच जणांच्या उपम्याला सव्वा लिटर पाणी लागतं आणि तळाला चिकटलेलं पातेलं घासायला अजून तेवढंच जातं. कात्राबाईच्या चढाला तेच पाणी पिण्यासाठी सोबत हवं असतं. शिवाय थंडीत पहाटे भांडी घासत बसलात की साडेपाचचे सव्वासात झालेच म्हणून समजा. म्हणून ज्याला शिजवावं लागत नाही आणि ज्याचं भांडं बोटाने पुसून निघतं तोच डोंगरातला नाश्ता.

त्यासाठी आपल्याकडे आधीपासून किती काय काय आहे! दशम्या घ्या. कणकेत पाण्याचा थेंब घालायचा नाही, दुधात गूळ विरघळवून त्यातच भिजवायची, थोडं तूप, आणि भाजताना नीट भाजायच्या. थंडीत तीन दिवस मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, जरा जास्त तिखट. माणशी तीन दशम्या आणि दोन चमचे चटणी खाऊन निघालं की दुपारपर्यंत बघायला नको. शेंगदाण्यात 100 ग्रॅममागे 25 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, त्यामुळे चटणीत कंजुषी करू नका, ती तोंडी लावण्यापुरती नेण्याची वस्तू नाही.

दुसऱ्या दिवशी सातूचं पीठ. गहू आणि डाळं भाजून दळलेलं, त्यात सुंठ, वेलची. माणशी 60 ग्रॅम पीठ, गुळाची पूड, चिमूटभर मीठ, मगमध्ये थोडं थोडं पाणी घालत कालवायचं. गार पाण्यातही छान होतं. ते आवडत नसेल तर बिहारी सत्तू हल्ली सगळीकडे मिळतो, तो मीठ-लिंबू-जिरं घालून प्यायचा.

मेतकूट_भात
वर सगळं गोडाकडे झुकलंय म्हणून माझी भर, कारण सलग तीन दिवस सकाळी गोड खाल्लं की चौथ्या घासाला नको होतं, निदान आमच्या ग्रुपात तरी असंच होतं 😀 कच्चे पोहे करा रे. पातळ पोहे घरीच कढईत कुरकुरीत भाजायचे, त्यात मेतकूट, लाल तिखट, मीठ, पिठीसाखर, भाजलेले दाणे, डाळं, सुक्या खोबऱ्याचे काप सगळं मिसळून माणशी एक अशा पुड्या करायच्या, एका पुडीत 70 ग्रॅम पोहे आणि मूठभर दाणे. तेलाची छोटी बाटली वेगळी. सकाळी पुडीतच दोन चमचे तेल घालायचं, एक कांदा चिरून पाच जणांत वाटायचा, हलवायचं आणि तिथेच खायचं. भांडंच नाही. कांदा आयत्या वेळीच घाला हां, आधी घातलात तर पोहे मऊ पडतात आणि दुसऱ्या दिवशी वास मारतात.

आणि गरम हवंच असेल तर एक लिटरचा स्टीलचा थर्मास न्या. रात्री जिथे जेवाल त्या घरच्या मावशींना झोपायच्या आधी उकळतं पाणी भरून मागायचं, चुलीवर बहुतेक असतंच. पहाटे ते चहापुरतं चांगलं गरम असतं. दूध पावडर, साखर आणि चहा पावडर एकत्र करून न्या, गूळ नको, दूध फाटू शकतं. त्याच पाण्यात पातळ पोहे, दूध पावडर, साखर, वेलची असंही झकास होतं. उपम्याला मात्र थर्मासचं पाणी पुरं पडत नाही, रवा कचकच लागतो.

घाटवाट
लोकलचा मुद्दा बरोबर आहे, ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. गाडी करून येणाऱ्यांनी उपम्याचं बघावं. थर्मासची आयडिया मस्त.

पायवाट_जुनी
एक सांगू का, तिन्ही सकाळी घरूनच न्यायचं कशाला? कुमशेतला रात्री जेवण सांगताना दहा भाकऱ्या आणि ठेचा जास्तीचा सांगा, नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, मिळाल्या तर सोनंच. पहाटे कुणाला उठवायला नको, रात्रीच बांधून ठेवा. शिळी भाकरी आणि ठेचा, वर कच्चा कांदा, यापुढे मला तरी कुठला नाश्ता दिसत नाही. पैसे त्या घरात जातात हे मला महत्त्वाचं वाटतं, आपण त्यांच्या गावातून, त्यांच्या वाटांवरून फिरतो आणि सगळा बाजार मात्र शहरातून भरून नेतो, हे पटत नाही. घासाघीस करू नका, सांगतील तेवढे द्या. हरिश्चंद्रगडावर पोहे-चहा मिळतोच, लोक पाचनईतून सामान डोक्यावर चढवून आणतात, त्यामुळे तिथला दर खालच्यापेक्षा जास्त असणारच.

डोंगरपोर
अरे वा, एवढं सगळं! सगळ्यांना खूप थँक्यू. बर्नर घरी राहिला. असं ठरवतोय : पहिल्या सकाळी दशम्या-चटणी, दुसऱ्या सकाळी कुमशेतची भाकरी, तिसऱ्या सकाळी कच्चे पोहे. दोन शंका आहेत. दशम्या आई आदल्या रात्री करून देईल, सॅकमध्ये कशात ठेवू? आणि आमच्यात एकाला शेंगदाणे अजिबात चालत नाहीत, अ‍ॅलर्जी आहे, त्याला काय?

खिंडीतला_वारा
दशम्या पूर्ण गार होऊ देत, गरम भरल्यास की घाम सुटतो आणि बुरशी धरते. मग सुती फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, प्लास्टिकची पिशवी नको. डबा सॅकमध्ये पाठीला लागून नको, वरच्या बाजूला ठेव.

अ‍ॅलर्जीचं मात्र गंभीरपणे घ्या. त्याची पुडी नुसती वेगळी करून भागणार नाही, कढई आणि मिक्सरचं भांडंसुद्धा दाण्याचं नको. सोपं म्हणजे पाचही जणांचं सगळंच बिनदाण्याचं करा : चटणी कारळाची किंवा जवसाची, पोह्यांत दाण्यांऐवजी डाळं दुप्पट. तेलही शेंगदाण्याचं नको, सूर्यफुलाचं घ्या. मेतकूट विकतचं असेल तर पाकिटावरचे घटक वाचा. कुमशेतला ठेचा सांगताना दाणे घालू नका हे आधीच सांगा, बऱ्याच घरांत घालतात. आणि त्याची औषधं त्याच्या एकट्याच्या सॅकमध्ये नकोत, कुठल्या कप्प्यात आहेत ते पाचही जणांना माहीत हवं, तिथून दवाखाना राजूरला आहे.

मेतकूट_भात
+१, आणि कारळाच्या चटणीत लसूण भाजून घाला, कच्चा नको, जास्त दिवस टिकते.