‘सोड’ आणि ‘ओढ’

झाड तोडताना वर चढलेल्याशी बोलायला शिट्टी आणि हातवारे पुरतात, हेडसेट म्हणजे फुकटचा खर्च, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. गेल्या जूनमध्ये डिचोलीत घराच्या कौलांवर कललेलं आंब्याचं झाड तोडून खाली उतरवत होतो. वरून गडी ओरडला, “सोड!” खाली फांदीचा दोर धरलेल्या पोराला ऐकू आलं “ओढ”. त्याने ओढला आणि फांदी फिरून गड्याच्या गुडघ्याला घासून गेली. त्याचा पाय वाचला, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

चेनसॉचा, म्हणजे यंत्रावरच्या करवतीचा, आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, त्यामुळे कानावर आवाज अडवणारे मफ हवेतच. पण मफ चढवल्यावर हाका ऐकू येत नाहीत, आणि दाट पानांत हातवारे दिसत नाहीत. बटण दाबून बोलायचा वॉकीटॉकीही वरच्याला निरुपयोगी, कारण दोन्ही हात करवतीवर असतात. माईक कायम उघडा, दोघांना एकाच वेळी बोलता येईल असाच सेट घ्या. ब्लूटूथवाला असेल तर पावसात भिजलेल्या पानांतून त्याचा पल्ला घटतो, हे धरून चला.

आणि शब्द बदला. आम्ही आता ‘ताण’ आणि ‘ढील’ म्हणतो. खालच्याने तोच शब्द परत उच्चारल्याशिवाय वरचा करवत लावत नाही.