मदत हवी आहे: खालची पापणी बाहेर वळली आहे, कोपऱ्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे

नमस्कार. वडिलांच्या (वय ७४) उजव्या डोळ्याची खालची पापणी सैल पडून बाहेर वळली आहे. सतत पाणी गळतं. 'लॅटरल टार्सल स्ट्रिप' करायला सांगितलं आहे. अ‍ॅस्पिरिन चालू आहे. यात नेमकं काय करतात? डॉक्टरांना काय विचारू?

प्रतिसाद १
अँडरसन आणि गॉर्डी यांनी १९७९ मध्ये मांडलेली पद्धत, आजही पहिली पसंती. बहुतेक वेळा तेवढ्याच भागाला भूल देतात. कानाकडचा कोपरा कात्रीने उघडून खालच्या पापणीचा हाडाशी असलेला बंध सोडवतात. पापणी पूर्ण मोकळी झाली पाहिजे, नाहीतर पुढचा ताण फुकट. मग पापणीला ताठपणा देणाऱ्या टार्ससची ३ ते ५ मिमीची पट्टी सुटी करून तिच्यावरची कातडी आणि आतलं अस्तर खरवडून काढतात. अस्तर राहिलं तर पुढे तिथे गाठ धरते.

खरी मेख ही पट्टी हाडाला बांधणाऱ्या टाक्यात आहे. तो डोळ्याच्या खोबणीच्या हाडाच्या कडेला *आतल्या* बाजूने, हाडावरच्या आवरणात बसायला हवा. डोळ्याचा गोळा वाटोळा असतो, पापणी त्याला चिकटून राहायची तर ओढ मागे हवी. टाका कडेच्या पुढे पडला की कोपऱ्यात फट राहते आणि पाणी गळतच राहतं.

प्रतिसाद २
आधी हे विचारा: पापणी नुसती सैल आहे की कातडीही आखडली आहे? कातडी कमी असेल तर त्वचारोपण लागतं, नुसत्या पट्टीने भागत नाही. नाकाकडचं अश्रूंचं छिद्र बाहेर वळलं असेल तर तिथे वेगळा टाका लागतो. वडिलांचे डोळे मुळात पुढे आलेले असतील तर तेही सांगा. अशा डोळ्यावर पापणी फार ताणली तर ती वर यायच्या ऐवजी डोळ्याच्या गोळ्याखाली घसरते.

अ‍ॅस्पिरिन परस्पर बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवू दे.

प्रतिसाद १
नंतरचं: दोन दिवस थंड शेक. थेंब घालताना खालची पापणी खाली ओढायची नाही, ही चूक घरोघरी होते. पुसताना हात नाकाकडे आणि वर. कातडीचे टाके साधारण आठवड्याने निघतात. कोपरा सुरुवातीला थोडा वर ओढलेला दिसतो, तो मुद्दाम तसा ठेवतात, काही आठवड्यांत बसतो.

अचानक जोराची कळ, डोळा दगडासारखा घट्ट, नजर अंधुक असं झालं तर रात्र असली तरी लगेच रुग्णालय गाठा. डोळ्यामागे रक्त साठून नसेवर दाब येतो आणि दृष्टी जाऊ शकते.